गाडीत नाही, कडेवरही नाही: दोन वर्षांच्या पावलांचं गणित

संध्याकाळी भाजी आणायला निघालेली आई, सोबत दोन वर्षांचं मूल आणि हौसेनं घेतलेली बाबागाडी. सोसायटीच्या फाटकापर्यंत सगळं ठीक असतं. मग पट्टा लावायला गेलं की मूल पाठ ताठ करतं, कंबर वर उचलतं, पाय सरळ सोडतं आणि सीटवरून खाली घसरायला लागतं. "नाई! मी चायनाल!" बरं, चाल. खाली उतरवलं की ते चार पावलं टाकतं आणि चेंबरच्या झाकणाशी उकिडवं बसतं. झाकणाच्या भोकातून खडा आत टाकायचा असतो. तो टाकून झाला की आणखी चार पावलं, आणि मग आईच्या पायांपुढे येऊन दोन्ही हात वर: "कडे घे." कडेवर घेतलं की भाजीच्या गाडीशी पोचेपर्यंत उतरण्यासाठी वळवळ सुरू. घरी आल्यावर हेच 'दमलेलं' मूल सोफ्याभोवती तासभर पळत असतं.

मोठ्यांना यात हट्ट दिसतो. "फार लाडावून ठेवलंय," असं सांगणारं कुणीतरी रस्त्यात भेटतंच. पण हाच क्रम घरोघरी, जवळपास याच वयात, जवळपास याच हालचालींसह घडत असेल, तर त्याचं कारण एखाद्या घराच्या लाडात शोधून सापडणार नाही. ते मुलाच्या पायांच्या लांबीत आहे, त्याच्या चालण्याच्या पद्धतीत आहे, आणि आपल्या माणसाशी अंतर राखण्याच्या त्याच्या एका जुन्या, नैसर्गिक रीतीत आहे.

चालणं हाच खेळ

मूल एकटं कधी चालायला लागतं? जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदी ठेवून २००६ मध्ये जी मानकं दिली, त्यांत आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ महिने ते १७.६ महिने एवढा रुंद आहे. म्हणजे शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं पंधराव्यात, तरी दोन्ही व्यवस्थितच. दीड वर्ष उलटूनही मूल एकटं चालत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

एकदा चालू लागलं की ते किती चालतं, हे न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. २०१२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे वाचून मी थक्क झाले होते. १२ ते १९ महिन्यांची मुलं मनमोकळी खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. एवढ्या पावलांत कापलेलं अंतर मात्र सुमारे ७०० मीटर. म्हणजे एक पाऊल जेमतेम फूटभराचं, आणि तासाभराची सगळी मेहनत आपल्या आठ-दहा मिनिटांच्या चालण्याइतकी.

हे चालणं सलगही नसतं. दोन पावलं, थांबा. सहा पावलं, वळा. तीन पावलं, बसा, पुन्हा उठा. याच गटाच्या निरीक्षणांत आणखी एक गोष्ट दिसली. पुष्कळदा मूल खोलीच्या मधोमध कशापाशीही न पोचता थांबतं. २०१९ च्या एका प्रयोगात काही मुलांना खेळण्यांनी भरलेल्या खोलीत सोडलं आणि काहींना रिकाम्या खोलीत. दोन्हीकडे मुलं सारखीच चालली. त्यांना चालण्यासाठी कुठे पोचायचं असण्याची गरजच नव्हती.

या वयाच्या मुलाबरोबर रस्त्यावर निघताना हे पक्कं लक्षात ठेवायला हवं. आपल्याला मंडईत पोचायचं असतं, त्याला चालायचं असतं. नुकतं हाती आलेलं एक कौशल्य ते हजारो लहान लहान प्रयोगांतून घटवत असतं: सुरुवात कशी करायची, थांबायचं कसं, फरशीवरून मातीवर पाय पडला तर तोल कसा सांभाळायचा. पदपथावरची एकेक उंचवटा-खळगी त्याच्यासाठी सरावाची जागा असते. शिवाय उभं राहिल्यावर जग वेगळं दिसायला लागतं. रांगणाऱ्या बाळाच्या नजरेत बराच वेळ समोरची जमीनच असते. चालणाऱ्या मुलाला दूरच्या वस्तू आणि माणसांचे चेहरे दिसतात, आणि हात मोकळे राहिल्यामुळे सापडलेला खडा उचलून आईला नेऊन देता येतो. अशा वेळी त्याला पट्ट्यात बसवणं म्हणजे नेमकी हीच सगळी गंमत काढून घेणं. त्याची पाठ ताठ होते ती यामुळे.

नुसत्या आऱ्यांचं चाक

मग ते आपल्याबरोबर नीट चालत का नाही? इथे पायांच्या लांबीचा प्रश्न येतो, आणि तो समजायला बैलगाडीचं चाक उपयोगी पडतं. कल्पना करा, चाकाची बाहेरची सगळी कड काढून टाकली आणि मधला तुंबा व त्यातून निघालेले आरे एवढंच ठेवलं. असं चाक पुढे ढकललं तर एक आरा जमिनीवर टेकेल, तुंबा त्याच्यावरून कमानीसारखा वर चढून खाली येईल, तोवर पुढचा आरा टेकेल. माणसाचं चालणं हे असंच आहे. टेकलेला पाय म्हणजे आरा आणि कंबर म्हणजे तुंबा. दर पावलाला आपलं शरीर टेकलेल्या पायावरून छोटी कमान काढत पुढे जातं.

कमानीवरून जाणाऱ्या वस्तूला आत, म्हणजे खालच्या दिशेनं, ओढून धरणारं काहीतरी लागतं. चालताना हे काम एकटं गुरुत्वाकर्षण करतं. वेग वाढत गेला की एका टप्प्याला ही ओढ अपुरी पडते, शरीर कमान सोडून वर निघू पाहतं आणि दोन्ही पाय क्षणभर जमीन सोडतात. यालाच आपण पळणं म्हणतो. आरा जितका आखूड, तितकी कमान जास्त वळणदार आणि तितक्या कमी वेगाला हा टप्पा येतो.

याचा हिशोब सोपा आहे. वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला पायाची लांबी व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकारानं भागायचं. जहाजांचा अभ्यास करणारे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांच्या नावानं हा आकडा ओळखला जातो. तो साधारण ०.५ च्या आसपास पोचला की माणूस आपोआप चालणं सोडून पळायला लागतो. मोठ्या माणसाचा पाय कंबरेपासून ८८ सेंटिमीटर धरला, तर ही वेळ ताशी साडेसात किलोमीटरला येते. दोन वर्षांच्या मुलाचा पाय ३५ सेंटिमीटर धरला, तर ताशी ४.७ किलोमीटरला.

आता मोठ्या माणसाची रोजची साधी चाल किती? ताशी साडेचार ते पाच किलोमीटर. म्हणजे आपण काहीही घाई न करता, गप्पा मारत चालत असतो, तेव्हा हात धरलेलं मूल पळण्याच्या उंबरठ्यावर असतं. "चल ना पटपट" म्हणत आपण थोडा वेग वाढवला की त्याला पळण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

हा हिशोबही मुलाला झुकतं माप देणारा आहे, कारण त्यात ते मोठ्यांसारखंच सफाईनं चालतं असं धरलंय. प्रत्यक्षात नवं चालणारं मूल पाय फाकवून, हात वर धरून, अख्खं पाऊल एकदम टेकवत चालतं. टाच आधी टेकवणं आणि हात मागे-पुढे हलवणं साधारण दीड वर्षाच्या सुमारास दिसू लागतं, आणि चालीत बरीचशी सफाई यायला तीन-चार वर्षं लागतात. लहान शरीराला तेवढंच अंतर कापायला दर किलो वजनामागे ऊर्जाही जास्त लागते. थोडं धावून थांबणं त्याला छान जमतं, कारण त्याच्या खेळाची घडणच तशी आहे. एकाच वेगानं पंधरा मिनिटं कुणाच्या तरी शेजारी चालत राहणं मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. सोफ्याभोवती तासभर पळणारं मूल रस्त्यात दहाव्या पावलाला हात वर करतं, ते ढोंग नसतं. दोन्ही कामं वेगळी आहेत.

"मी चालले हं, टाटा!"

पायांपेक्षाही खोलवरचं एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पुण्यातल्या सारसबागेच्या हिरवळीवर संध्याकाळी थोडा वेळ बसून बघा. आजी एका जागी बसलेली असते. नातू दहा पावलं जातो, गवतातून काहीतरी उचलतो, मागे वळून बघतो, परत येतो. कधी आजीच्या गुडघ्याला हात लावतो, कधी अर्ध्या वाटेवरूनच वळून पुन्हा निघतो. आजी काही बोलत नाही, बोलवत नाही, तरी ही ये-जा चालू राहते. लंडनच्या बागांमध्ये जे. डब्ल्यू. अँडरसन या संशोधकानं नेमकी हीच ये-जा बारकाईनं टिपली. सव्वा ते अडीच वर्षांची मुलं आणि बाकावर बसलेल्या त्यांच्या आया असा तो अभ्यास होता. १९७२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आई जागची हलली नाही, तर मुलं आपणहून तिच्याभोवतीच्या एका परिघात राहत. कुणी धरून ठेवायची गरज पडत नसे.

मग आई उठून चालायला लागली की काय होई? इथे सगळं चित्र बदले. एवढा वेळ मोकळेपणानं हिंडणारं मूल जागीच थिजून उभं राही. आईनं जागा बदलली तरी ते तिच्यामागे सहजपणे येत नसे. तिला परत येऊन त्याला न्यावं लागे. आई-बाळाच्या जवळिकीचा सिद्धांत मांडणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी या निरीक्षणांना मोठं महत्त्व दिलं. त्यांचं म्हणणं असं, की साधारण तीन वर्षांपर्यंत मुलाला चालत्या माणसाच्या मागोमाग जाणं नीट जमतच नाही. त्याऐवजी ते उचलून नेण्याची मागणी करतं, तीही ठरावीक पद्धतीनं: समोर येऊन, वाट अडवून, तोंड आपल्याकडे करून, हात वर.

आईच्या पायांत येऊन तिला अडखळायला लावणारी ती हालचाल आता वेगळी दिसायला लागते. जागेवर असलेली आई ही मुलाची खूण असते. त्या खुणेवरून आपण किती लांब आलो, परत कुठे जायचं, हे त्याला कळतं. खूणच चालायला लागली, तर तिच्याकडे बघायचं, पायाखाली बघायचं, वेग बदलायचा, दिशा बदलायची आणि वाटेतलं मांजर सोडून द्यायचं, हे सगळं एकाच वेळी करावं लागतं. एवढं त्याला झेपत नाही. मग त्याच्यापुढे सरळ उपाय एकच उरतो. खुणेला थांबवायचं आणि तिच्यावर चढून बसायचं.

आणि कडेवर घेतल्यावर लगेच वळवळ का? नीट बघितलं तर ती बहुतेक वेळा आपण थांबल्यावर सुरू होते, भाजीवाल्याशी बोलताना किंवा ओळखीचं कुणी भेटल्यावर. खूण पुन्हा स्थिर झालेली असते, म्हणजे हिंडायची वेळ झाली.

हे एकदा समजलं की आपल्याकडची एक घरोघरची युक्ती सोडून द्यावीशी वाटते. मूल अडून बसलं की आपण म्हणतो, "बरं, बस तू इथे. मी चालले हं, टाटा!" आणि दोन पावलं पुढे जातो. चार वर्षांचं मूल कदाचित धावत येईल. दोन वर्षांचं मूल एक तर तिथेच थिजेल, नाही तर रडून गोंधळ घालेल. आलंच मागे, तर ते भीतीनं आलेलं असतं. जे त्याला जमतच नाही ते भीती घालून करून घेण्यात काही अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आजी-आजोबांनाही हे समजावून सांगावं. ते प्रेमानंच म्हणत असतात, पण मुलाला ते तसं ऐकू येत नाही.

उचलून नेण्याचा शांत करणारा परिणाम तर अगदी तान्ह्या वयापासून दिसतो. जपानमधल्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की सहा महिन्यांखालच्या बाळाला घेऊन आई नुसती बसली त्यापेक्षा ती उठून चालू लागली की बाळाचं रडणं कमी होतं आणि हृदयाचे ठोके चटकन मंदावतात. उंदरांच्या पिल्लांमध्येही तोंडात धरून नेताना असंच शांत होणं त्यांना दिसलं.

चौकट: हात धरा, ओढू नका

अडून बसलेल्या मुलाला एका हातानं ओढून उठवणं, किंवा दोन मोठ्यांनी दोन हात धरून "एक, दोन, तीन!" करत झुलवणं, यात एक खरा धोका आहे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. त्यांतल्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं वरचं टोक एका पट्टीच्या कड्यात अडकवलेलं असतं. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे कडं सैल असतं. हाताला अचानक हिसका बसला की हाड त्यातून थोडं निसटतं. मूल तो हात वापरायचं थांबवतं, किंचित वाकवून अंगाशी धरतं आणि हात लावू देत नाही. सूज बहुधा नसते. डॉक्टर काही सेकंदांत ते जागेवर बसवतात. घरी प्रयोग करू नयेत, आणि मूल पडलं असेल किंवा सूज असेल तर हाड मोडल्याची शंका घ्यावी. मुलाला उठवताना नेहमी दोन्ही काखांखाली हात घालून उठवावं. रस्त्यात मनगट न धरता तळहात धरावा, आणि आपल्या हाताला ताण जाणवला की आपण थांबावं.

बाबागाडीची बाजू

छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्यानं १९६५ मध्ये तयार केली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानांच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. हलका आणि घडी होणारा सांगाडा कसा करायचा हे त्यांना ठाऊक होतं. गुळगुळीत पदपथांच्या शहरात ही गाडी वरदान ठरली.

आपल्याकडे मात्र तिची लहान चाकंच आड येतात. चाक सरळ पुढे ढकलून ते पायरीवर चढवायचं असेल, तर पायरीची उंची चाकाच्या त्रिज्येपेक्षा कमी असावीच लागते. पायरी त्रिज्येइतकी किंवा जास्त झाली की कितीही जोर लावा, चाक पायरीवर दाबलं जाईल, चढणार नाही. हलक्या गाडीच्या चाकाचा व्यास १५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे त्रिज्या साडेसात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाच्या कडेची उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर सांगितली आहे. म्हणजे नियमात बसणारी कडही चाकाच्या त्रिज्येच्या दुप्पट उंच, आणि कित्येक ठिकाणी कड त्याहूनही उंच असते. उतार नसेल तिथे आई मागचा दांडा दाबून पुढची चाकं उचलते, नाही तर पिशव्या, मूल आणि गाडी असं सगळंच उचलते.

आत बसलेल्या मुलाला काय मिळतं, हेही बघावं. बहुतेक हलक्या गाड्यांत त्याचं तोंड पुढे असतं. आईचा चेहरा दिसत नाही. डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८ मध्ये दाखवलं, की आपल्याकडे तोंड असलेल्या गाडीत मुलाशी पालक जास्त बोलतात. शिवाय वाहनांचे धूर सोडणारे नळ असतात त्याच पातळीवर मुलाचं नाक असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दिलेल्या सूचना अशा: वर्षापुढच्या मुलाची दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल व्हावी, आणि त्याला सलग एका तासापेक्षा जास्त वेळ गाडीत, खुर्चीत किंवा पाठीला बांधून अडकवून ठेवू नये.

तरी गाडी फेकून द्या असं मी म्हणणार नाही. झोपलेलं मूल, दुखरी पाठ, दुसऱ्यांदा गरोदर असलेली आई, विमानतळ, मोठं रुग्णालय: अशा ठिकाणी तिच्यासारखी सोय नाही.

मग बाजारात जायचं कसं?

निघण्याआधीच ठरवावं, की आज पोचायचंय की चालायचंय. दवाखान्यात साडेपाचची वेळ घेतली असेल, तर मुलाला कडेवर किंवा गाडीत घेऊन सरळ जावं, आणि परत येताना त्याला चालू द्यावं. दोन्ही कामं एकाच वाटेवर एकदम उरकायला गेलं की दोघांचीही चिडचिड होते. चालण्याची वेळ असेल तेव्हा आपल्या नेहमीच्या हिशोबाच्या तिप्पट-चौपट वेळ हाताशी ठेवावा.

सोसायटीच्या आवारात, बागेत, वाहनं नसलेल्या बोळात स्थिर खुणेचा उपयोग करता येतो. मुलाला मागून हाकण्यापेक्षा आपण थोडं पुढे जाऊन उकिडवं बसावं आणि थांबावं. "आता त्या लाल स्कूटरपाशी." तिथे पोचलं की पुन्हा पुढची खूण. चालत्या आईमागे जाणं त्याला अवघड आहे, थांबलेल्या आईकडे येणं सोपं. वाहनांच्या रस्त्यावर हे कधीही करू नये. तिथे हात धरलेलाच हवा, मूल आतल्या बाजूला आणि आपण वाहनांच्या बाजूला. पदपथच नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चालावं.

हात धरून चालणं मुलाला का नकोसं होतं, याचंही एक साधं कारण आहे. आपला खाली सोडलेला हात त्याच्या खांद्याच्या आसपास येतो. म्हणजे त्याला हात सतत खांद्याइतका वर धरून चालावं लागतं. आपण स्वतः पाच मिनिटं तसं करून बघितलं तर कळेल. मधेमधे बाजू बदलावी, आणि सुरक्षित जागी हात मोकळा सोडावा. हातात काम दिलं तर आणखी बरं: कोथिंबिरीची जुडी, दोन लिंबांची पिशवी, किंवा रिकामी बाबागाडीच ढकलायला द्यायची. आत न बसणारी पुष्कळ मुलं तीच गाडी ढकलत मजेत चालतात.

पट्ट्याची लढाई टाळायची असेल तर आधी सांगावं आणि खरी निवड द्यावी. "आता रस्ता लागेल. तू चढून बसतोस का मी बसवू?" जिथे निवड नाही, उदाहरणार्थ चौक ओलांडताना, तिथे विचारूच नये, उचलावं आणि चालू लागावं. विचारून नंतर नकार मोडून काढला, तर पुढच्या वेळी तुमच्या विचारण्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

उचलायचं तर नीट उचलावं. दोन वर्षांच्या मुलग्याचं मध्यमान वजन १२.२ किलो आणि मुलीचं ११.५ किलो. एवढं ओझं एका कडेवर घेऊन चाललं की कंबर वाकडी होते. बाजू बदलत राहावी. लांब जायचं असेल तर ओढणी किंवा कापडी झोळीनं मूल अंगाशी घट्ट बांधून घ्यावं. भार अंगाच्या जितका जवळ तितका कमी जाणवतो. पाठुंगळीला घेतलं तर दोन्ही खांद्यांवर तो सारखा वाटला जातो. शेतात आणि बांधकामावर काम करणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या आहेत. वारीत, गणपतीच्या गर्दीत बाबांच्या खांद्यावर बसलेली मुलं आपण बघतोच. तिथे फक्त वरच्या तारा, फांद्या आणि मंडपाच्या कमानी यांच्याकडे लक्ष हवं. रेल्वे फलाटावर मात्र उचलून घेणंच बरं. गर्दीत मूल निसटू नये म्हणून दोर वापरायचाच असेल तर छातीला अडकवायच्या पट्ट्याचा वापरावा, मनगटाला बांधायचा नको. कारण वर चौकटीत सांगितलंच आहे.

बूट मऊ, वाकणाऱ्या तळव्याचे हवेत. चूं चूं वाजणारे बूट अनेकांना त्रासदायक वाटतात, पण गर्दीत मूल पाठीमागे आहे की नाही हे न बघता कळतं, म्हणून मला ते आवडतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेल्या डांबराच्या जवळ मुलाचं सगळं अंग असतं, हेही विसरू नये.

९५ सेंटिमीटरवरून दिसणारं पुणं

निरोगी तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते. या उंचीवरून शहर कसं दिसतं, हा प्रश्न घेऊन नेदरलँड्समधल्या बर्नार्ड व्हॅन लीर फाउंडेशननं 'अर्बन ९५' नावाचा उपक्रम सुरू केला, आणि पुणे महापालिका त्यात सहभागी झाली. या उंचीवर डोळ्यांसमोर येतो तो पदपथावर लावलेल्या दुचाकीचा हँडल, तिचा तापलेला सायलेन्सर आणि दुकानाबाहेर ठेवलेल्या फलकाची धारदार कड.

इंडियन रोड्स काँग्रेसनं पदपथाची अडथळ्यांविना किमान रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. हात धरलेले आई आणि मूल मिळून सुमारे मीटरभर जागा घेतात. समोरून दुसरं कुणी आलं की १.८ मीटर कसेबसे पुरतात. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद केल्यावर तिथे लहान मुलांना घेऊन रमतगमत चालणारी कुटुंबं दिसायला लागली. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेनं लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळला, तेव्हा एरवी वाहनांनी तुंबलेल्या त्या रस्त्यावर लोक मधोमध चालले. असा बदल करता येतो, हे दोन्ही ठिकाणी दिसलं.

मुलाला हवं असतं ते थोडं चालणं आणि मग थांबणं. त्यासाठी पदपथावर ठरावीक अंतरावर बसायला बाक लागतात, ज्येष्ठांना लागतात तसेच. बाकावर बसलेली आई म्हणजे स्थिर खूण, आणि तिच्याभोवतीची वाहनं न शिरणारी थोडी जागा म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचं अंगण. याला मोठा खर्च येत नाही. पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवण्याची पद्धत २००६ मध्ये सुरू झाली. आपल्या क्षेत्रीय कार्यालयात पुढच्या वेळी अर्ज भराल, तेव्हा त्यात दोन बाक, पदपथाच्या टोकाला एक उतार आणि दुचाक्या चढू नयेत म्हणून उभे खांब मागा. खांबांमधून बाबागाडी आणि चाकाची खुर्ची जाईल एवढी फट ठेवा, हेही त्यातच लिहा.